बुलढाणा दर्शन, अर्धा दिवस

लेकीचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, तेव्हा तिचे होणारे सासू-सासरे पुण्याहून आमच्याकडे आले. घर बघायला येतोय, असं ते म्हणाले नाहीत. "सहज भेटून जाऊ," म्हणाले. पण बुलढाण्याला सहज कोणी येत नाही. इथे रेल्वे नाही. रात्रभर बसमध्ये अंग मोडून घेऊन जो माणूस पहाटे इथल्या स्टँडवर उतरतो, त्याचं काहीतरी काम असतंच.

माझा नवरा वकील आहे. सगळं गाव त्यांना वकीलसाहेब म्हणतं आणि इतक्या वर्षांत मलाही तीच सवय लागली आहे. मी इथल्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. मुलगी पुण्याला नोकरीला, आणि मुलगा तिचा तिनेच पसंत केलेला. आमच्या हातात फक्त चांगलं दिसणं उरलं होतं. त्यासाठी मी आठवडाभर घर पुसत होते. वकीलसाहेबांच्या खुर्चीवरचा विरलेला टॉवेल मी दोनदा उचलला आणि त्यांनी तो दोनदा शोधून परत आणला.

पाहुणे आले ते सरळ हॉटेलात उतरले. "तुम्हाला उगाच त्रास नको," विहीणबाई फोनवर म्हणाल्या. अजून ठरलेलं नव्हतं, पण सोयीसाठी मी त्यांना विहीणबाईच म्हणते. संध्याकाळी दोघं तासभर घरी येऊन गेले. दोघंही फार सभ्य माणसं. व्याही मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, बाई विमा कंपनीतून. काहीही सांगितलं की बाई मान कलती करून "हो का?" म्हणायच्या. त्या 'हो का'त कौतुक आहे की शंका, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी दिलेल्या चिवड्यालाही त्या "हो का?" म्हणाल्या.

निघता निघता व्याही म्हणाले, "उद्या सकाळी आम्ही एक छोटीशी टूर ठरवली आहे. ऑनलाइन सापडली. प्रायव्हेट आहे, गाडी आणि गाईडसकट, अर्ध्या दिवसाची. तुम्हीही चला ना आमच्याबरोबर."

"कुठली टूर?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"बुलढाणा दर्शन."

गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत वकीलसाहेब हसतमुख उभे होते. मग आत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बुलढाण्यात पाहण्यासारखं आहे काय?"

हा माणूस गेली चाळीस वर्षं जो भेटेल त्याला सांगत आला आहे की बुलढाण्याची हवा महाबळेश्वरच्या तोंडात मारेल अशी आहे.

त्यांना लागलं होतं ते निराळंच. गाव दाखवायचा मान यजमानाचा. पाहुण्यांनी भाड्याने गाईड आणावा आणि यजमानाला मागच्या सीटवर बसवून त्याचंच गाव दाखवावं, हे त्यांना पटत नव्हतं. रात्री लेकीचा फोन आला. ती मला म्हणाली, "आई, बाबांना सांग, गाईडशी वाद घालू नका. आणि ते 'मले-तुले' जरा..."

"जरा काय?"

"जरा कमी."

मी तिला 'बरं' म्हटलं. पुण्याला पहिल्या वर्षी ती दुकानात 'का' ऐवजी 'काऊन' म्हणाली होती आणि दुकानदार हसला होता, हे तिनेच मला सांगितलं होतं.

सकाळी गाडी दारात आली. पांढरी, मोठी, सात माणसांची. पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी गाईड. तिशीचा, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर खाकी टोपी आणि हातात लहानसा माइक. गाडीत मोजून सहा माणसं, तरी तो माइकवरून बोलायचा. "सन्माननीय अतिथिगण, सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या या रम्य गिरिनगरीत मी आपलं सहर्ष स्वागत करतो."

"अजिंठ्याच्या डोंगरात," वकीलसाहेब मागून म्हणाले.

"सर?"

"सह्याद्री नाही. अजिंठ्याचे डोंगर."

"तेच सर. मोठं नाव घेतलं की बाहेरच्यांना लवकर समजतं." आणि त्याने आरशातून अशा समजूतदार नजरेने पाहिलं, जणू वकीलसाहेबही बाहेरचेच. आम्ही इथले आहोत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं; आम्हीही त्या घरी उतरलेले पाहुणेच, असं त्याने धरलं होतं. व्याह्यांना वाटलं आम्ही सांगू, आम्हाला वाटलं ते सांगतील. एकदा गाडी निघाल्यावर मला ते सांगणं उद्धटपणाचं वाटायला लागलं. गाईडला तोंडावर 'आम्ही इथेच राहतो' म्हणणं म्हणजे वाढप्याला 'मी जेवून आलोय' म्हणण्यासारखं.

गावाच्या नावापासून सुरुवात झाली. गाईड म्हणाला, पूर्वी इथे इतके बुलबुल पक्षी होते की साहेब लोक या जागेला बुलबुलठाणा म्हणत, त्याचंच पुढे बुलढाणा झालं.

"हो का?" विहीणबाई म्हणाल्या.

"भिल्लठाणा," वकीलसाहेब म्हणाले. "भिल्लांचं ठाणं. लहान पोरालाही माहीत आहे."

"तोही एक मतप्रवाह आहे सर," गाईड म्हणाला. मी वकीलसाहेबांच्या पायावर पाय ठेवला. हलकेच ठेवला होता, पण ते "आई गं" म्हणाले आणि विहीणबाईंनी वळून पाहिलं.

मग आम्ही जुने बंगले पाहिले. इंग्रजांच्या काळात मोठे अधिकारी उन्हाळ्यात इथल्या थंड हवेला यायचे, हे खरं आहे. पण गाईडकडे प्रत्येक बंगल्यासाठी एकेक मडम होती. एक मडम व्हायोलिन वाजवायची. एकीने वाघाचं पिल्लू पाळलं होतं. तिसरीचा आत्मा अमावास्येला व्हरांड्यात फिरायचा. त्या तिसऱ्या बंगल्यात पुढे सरकारी कार्यालय आलं, आणि माझे सासरे तिथे हेडक्लार्क होते. रोज व्हरांड्यात बसून ते डबा खायचे. मडमेशी त्यांची गाठ कधी पडली नसावी, नाहीतर त्यांनी तिला अर्जावर तिकीट लावायला सांगितलं असतं. मी हे कोणाला सांगितलं नाही. व्याही व्हरांड्याचे फोटो काढत होते, आणि खरं सांगायचं तर त्या पडक्या व्हरांड्याकडे मीही पहिल्यांदाच नीट पाहत होते.

पुढे गावाबाहेरच्या एका टेकडीवर गाडी थांबली. इतकी वर्षं इथे राहून मी त्या टेकडीवर गेले नव्हते. गाईडने दुर्बीण विहीणबाईंना दिली. खाली सगळं गाव पसरलं होतं, पाण्याच्या टाक्या, शाळांची मैदानं, गच्च्या. "किती सुंदर रंगीबेरंगी दिसतंय ते," बाई म्हणाल्या. "कुठल्या तरी गच्चीवर काहीतरी लावलंय. पताका आहेत का?"

गाईडने डोळे बारीक करून पाहिलं. "स्थानिक उत्सव आहे मॅडम."

मग दुर्बीण माझ्याकडे आली. स्थानिक उत्सव आमच्या गच्चीवर होता. पाहुण्यांसाठी म्हणून मी घरातल्या सगळ्या जुन्या गोधड्या नजरेआड करून उन्हात टाकल्या होत्या. मी दुर्बीण चटकन वकीलसाहेबांकडे दिली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो. जुना उत्सव आहे."

त्या दिवसात पहिल्यांदाच ते गाईडच्या बाजूने बोलले. मला जरा हायसं वाटलं.

तिथून गाडी कोर्टाकडे वळली. वकीलसाहेब ताठ झाले, शर्टाची कॉलर सारखी केली. सुट्टीचा दिवस, फाटक बंद, बाहेर चिटपाखरू नव्हतं. गाडी लिंबाच्या सावलीत उभी राहिली आणि गाईडने माइक तोंडाजवळ घेतला.

"अतिथिगण, या न्यायमंदिरात एक असा खटला चालला, जो आजही इथली माणसं आपल्या नातवंडांना सांगतात. राजूर घाटाच्या वळणावर एक म्हातारी लिंबाखाली बसून सीताफळं विकायची. तिची सासू तिथेच बसायची, सासूची सासू तिथेच. एक दिवस मागच्या जमिनीचा मालक आला. त्याला तिथे हॉटेल काढायचं होतं. म्हणाला, म्हातारे, उठ."

वकीलसाहेबांचा हात कॉलरवरच राहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं. तो खटला त्यांचाच होता.

गाईड रंगात आला. "म्हातारीकडे ना कागद, ना पुरावा. कोणी वकील उभा राहीना. तेव्हा एक वकील पुढे आला. फी घेतली नाही. सहा फूट उंच, भरघोस मिशा, आवाज असा की बोलला की खिडकीच्या काचा हलायच्या."

वकीलसाहेब माझ्याहून बोटभर उंच आहेत. मिशा त्यांनी कधी ठेवल्या नाहीत.

"शेवटच्या दिवशी त्या वकिलाने काय केलं? सीताफळांची पाटी सरळ न्यायाधीशांपुढे ठेवली. म्हणाला, महाराज, माझ्या अशिलाकडे कागद नाही, पण हे फळ आहे. या मातीने सही केलेलं. न्यायाधीशांनी एक सीताफळ फोडलं, खाल्लं, डोळे मिटले. आणि सांगितलं, जोवर या डोंगराला सीताफळ येतंय, तोवर ही बाई इथून उठणार नाही."

विहीणबाई 'हो का' म्हणाल्या नाहीत. त्यांनी हातातला रुमाल घट्ट धरला होता. व्याही म्हणाले, "वा. काय माणूस असेल."

खरं काय झालं होतं ते मला माहीत होतं. वकीलसाहेबांनी फी घेतली नव्हती, तेवढं खरं. पाटीबिटी काही नव्हती. म्हातारीने सकाळी बळेच दिलेली दोन पिकली सीताफळं त्यांच्या बॅगेत होती, ती कागदपत्रांखाली चेंगरली आणि कोर्टभर वास सुटला. न्यायाधीशांनी शिपायाला ती बॅग बाहेर न्यायला लावली. आणि म्हातारीचा दावा फेटाळला गेला. म्हातारीला तिथे बसायचा कायद्याने काही हक्क नव्हता, आणि वकीलसाहेबांनाही ते पहिल्यापासून कळत होतं. त्या दिवशी ते घरी आले ते जेवले नाहीत. पोट बिघडलंय, असं म्हणाले.

सकाळपासून सह्याद्री, बुलबुल आणि मडमांवर हरकत घेणारा हा माणूस आता काय बोलतो, म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी कॉलरवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"हे वकील अजून आहेत का?" व्याह्यांनी विचारलं. "भेटायला आवडेल."

"नाही सर," गाईडने टोपी काढली. "वारले ते."

मग मागच्या सीटवरून वकीलसाहेबांचा आवाज आला. "हो. मीही ऐकलंय त्यांच्याबद्दल. चांगले होते म्हणतात."

मला खोकला आला. विहीणबाईंनी पाण्याची बाटली दिली. मी पाणी पीत राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर हसू तरी आलं असतं किंवा दुसरं काहीतरी.

गाईड म्हणाला, "आता आपण ती जागाच पाहू," आणि गाडी राजूर घाटाच्या रस्त्याला लागली.

इथे थोडं रस्त्यांचं सांगायला हवं. आमच्या गावाहून रेल्वेला जायचं तर साधारणपणे राजूर घाट उतरून मलकापूर गाठतात. आम्ही मात्र बरीच वर्षं बोथ्याच्या घाटाने, जंगलातून खामगावकडे जातो. लांब पडतं, गाड्या कमी मिळतात. पण वकीलसाहेब म्हणत, "त्या बाजूची हवा चांगली आहे." मी कधी खोलात शिरले नाही. नवऱ्याच्या प्रत्येक खोडीचं कारण विचारत बसलं तर संसार कधी करायचा. त्या सकाळी राजूर घाटाच्या पहिल्या वळणावर त्यांनी खिडकीची काच वर केली आणि डोळे मिटून घेतले, तेव्हा मला कळलं की प्रश्न हवेचा नव्हता.

घाटात डोंगर अजून हिरवे होते. उतारांवर सीताफळीची झुडपं दाटली होती. एका वळणावर अर्धवट बांधलेल्या भिंती दिसल्या, त्यांत गवत माजलेलं. ज्या हॉटेलासाठी म्हातारीला उठवलं, ते शेवटी झालंच नव्हतं. लिंब मात्र कापला गेला होता. गाईडने त्या भिंतींकडे बघितलंही नाही. गाडी आणखी थोडी खाली गेली आणि रस्ता जिथे रुंद होतो तिथे थांबली. बांबूच्या चार काठ्यांवर हिरवं कापड ताणलेलं, खाली पाट्यांतून सीताफळांचे ढीग, आणि मागे एक बाई. चाळिशी ओलांडलेली, पदर खोचलेली. दोन मोटारी आधीच थांबल्या होत्या.

"हीच ती ऐतिहासिक जागा," गाईड माइक गाडीत ठेवून, पण त्याच आवाजात म्हणाला. "म्हातारी आता नाही. या तिच्या सूनबाई. वहिनी, आमच्या पाहुण्यांना सांगा जरा, त्या थोर वकिलांबद्दल. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो."

बाई फळं निवडत होती. तिने मान वर केली. "कोनाच्या?"

"वकीलसाहेबांच्या. वारले ना ते."

"कोन वारलं?" ती म्हणाली. तिची नजर आमच्या मागे, गाडीच्या दाराशी गेली. वकीलसाहेब एक पाय खाली आणि एक पाय आत असे उभे होते. "थे काय उभे हायेत. काऊन बे, चांगल्या जित्त्या मानसाले मारून राह्यला?"

गाईडने वळून पाहिलं. टोपी हातातच होती, ती त्याने पुन्हा घातली आणि परत काढली. सकाळपासूनची ती सगळी सहर्ष मराठी कुठल्या कुठे गेली. "आता थे मले काय मालूम," तो म्हणाला. "मले कोनी सांगतलंच नाही न."

व्याही वकीलसाहेबांकडे पाहत होते, विहीणबाई माझ्याकडे. मी नुसती मान हलवली.

"तुम्ही?" व्याही म्हणाले. "तो खटला तुम्ही जिंकलात? आणि एक शब्द बोलला नाहीत?"

आता सोपं होतं. फक्त नम्रपणे हसायचं होतं. समोर लेकीचे होणारे सासरे, चेहऱ्यावर आदर. मी मनातल्या मनात वकीलसाहेबांना म्हटलं, हसा आणि गाडीत बसा.

वकीलसाहेबांनी दुसरा पाय खाली ठेवला. "जिंकलो नाही," ते म्हणाले. "हरलो. दावा फेटाळला गेला. या बाईच्या सासूला मी न्याय मिळवून देऊ शकलो नाही. हे गृहस्थ जे सांगतात त्यातलं काही घडलेलं नाही. न्यायाधीशांनी सीताफळ खाल्लं नाही."

"हरले कसे?" बाई म्हणाली.

"हरलो. तुमची वरची जागा गेली ना."

"थे तं गेली. पन आमी इथं बसून राह्यलो ना?"

"इथे बसायला कोणी दिलं? कोर्टाने नाही दिलं."

"मंग कोनं देल्लं?"

वकीलसाहेबांनी वरच्या वळणाकडे पाहिलं. ती जागा कोणीच दिलेली नव्हती. म्हातारी उठली, पाटी डोक्यावर घेतली, खाली आली आणि बसली, एवढंच.

"वरतं वळनावर गाडी थांबेच ना," बाई सांगत होती. "मांगून ट्रक ये, डायवर शिव्या दे. इथं रस्ता मोठा हाये. बसगाड्या बी हळू होतात. आमचं चांगलं झालं हो सायेब. बुढी सगळ्याइले सांगे, माह्या वकिलानं केस जितली."

"पण ते खोटं आहे," वकीलसाहेब म्हणाले. आवाज चढला होता. त्यांचं 'कमी' केलेलं सगळं परत आलं. "मी कोर्टात होतो ना बाई. म्या निकाल वाचला. आपुन हरलो. मले मालूम हाये का तुले?"

"तुमी कोर्टात होते," ती शांतपणे म्हणाली. "आमी इथं होतो."

गाईड मध्ये पडला. "जिंकलेच म्हना ना सर. एवढे लोकं ऐकून जातात."

"तू गप बे," वकीलसाहेब म्हणाले.

मला वाटलं, आता झालं. लग्न मोडलं. घाटात, सीताफळांच्या ढिगापुढे, वकीलसाहेब हातवारे करून वऱ्हाडीत आपला पराभव सिद्ध करत होते आणि समोरची बाई तो मान्य करायला तयार नव्हती. थांबलेल्या मोटारींतली माणसं खाली उतरून ऐकत होती. त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, "हरले नसतील हो ते. त्यांना आठवत नसेल."

तेवढ्यात विहीणबाईंकडून आवाज आला. आधी मला वाटलं त्यांना ठसका लागला. त्या हसत होत्या. रुमाल तोंडावर धरला होता, पण हसू रुमालाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येत होतं. त्या माझा दंड धरून म्हणाल्या, "अहो, आमच्याकडेही अगदी असंच आहे. यांना कोणी चांगलं म्हटलं की हे पुरावे देऊन खोडून काढतात. निरोपसमारंभात माणसं यांचं कौतुक करत होती, तर उठून म्हणाले, त्या मशिनची चूक माझीच होती."

"होतीच," व्याही म्हणाले.

"बघा."

बाईने एक मोठं सीताफळ निवडलं, दोन्ही अंगठ्यांनी फोडलं आणि वकीलसाहेबांपुढे धरलं. त्यांनी नाही म्हटलं. तिने हात तसाच धरला. शेवटी त्यांनी अर्धं घेतलं. उरलेलं अर्धं व्याह्यांना दिलं. दोघंही रस्त्याच्या कडेला कठड्याला टेकून, दरीत बिया थुंकत, खात उभे राहिले. मी लांबून पाहत होते. वकीलसाहेबांच्या हनुवटीवरून रस ओघळत होता आणि ते तो पुसत नव्हते. मग त्यांनी बाईला काहीतरी विचारलं. नंतर मला कळलं, म्हातारी कधी गेली ते विचारलं होतं. आणि शेवटी काही म्हणाली का, तेही. बाई म्हणाली होती, नाही, शेवटी ती फक्त पाटीवर पाला झाका म्हणत होती.

परतीच्या वाटेवर गाईड माइक न घेता बोलला. त्याला ही गोष्ट म्हातारीकडूनच कळली होती, तो लहानपणी मोताळ्याहून शाळेला या रस्त्याने यायचा तेव्हा. न्यायाधीशाने सीताफळ खाल्लं ही म्हातारीची भर. उंची आणि मिशा ही त्याची.

"पण मला मारलंस काऊन?" वकीलसाहेबांनी विचारलं. आवाजात राग उरला नव्हता.

"मानूस जित्ता असला का गोष्टीत वजन येत नाही सर," तो म्हणाला. "लोकं म्हनतात, दाखवा. आन दाखवलं का मंग..." त्याने आरशातून वकीलसाहेबांकडे एकदा पाहिलं आणि वाक्य अर्धंच सोडलं.

दुपारी सगळे आमच्याकडे जेवायला बसले. गाईडलाही वकीलसाहेबांनी बळेच बसवलं. मी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या, पुण्याच्या माणसांना झेपेल इतपत तिखट. विहीणबाईंनी तिसऱ्यांदा रस्सा मागितला, डोळ्यांतून पाणी येत असताना. त्यांनी विरलेला टॉवेल घातलेली खुर्चीही पाहिली आणि सरळ तिच्यात बसल्या. लग्नाची तारीख त्या दिवशी नाही, पण दिवाळीनंतर ठरली. लेकीला मी घाटातलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा त्यांच्यासमोर 'बे' म्हणाले?" मी म्हटलं, दोनदा नाही, एकदाच.

त्यानंतर आम्ही मलकापूरला राजूर घाटानेच जातो. वकीलसाहेब म्हणतात, त्या बाजूचा रस्ता आता सुधारला आहे.

गाईड मात्र सुधारला नाही. त्याने आपल्या सहलीत एक थांबा वाढवला आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी पांढरी गाडी आमच्या घरासमोर उभी राहते. काच खाली होते आणि माइकवरून आवाज येतो. वकीलसाहेब मला म्हणतात, "हा काय तमाशा आहे, त्याला एकदा नोटीस दिली पाहिजे." पण त्या दिवशी ते सकाळी लवकर दाढी करतात, आणि गाडी यायच्या सुमारास त्यांना नेमकं अंगणातल्या गुलाबांना पाणी घालायचं असतं. पांढरा शर्ट घालून. खटला आता पुन्हा जिंकला गेला आहे. वकील जिवंत असल्यामुळे मिशा काढून टाकाव्या लागल्या, पण उंची गाईडने तशीच ठेवली आहे. गाडीतून पाहणाऱ्याला कुंपणाआडच्या माणसाची उंची कळत नाही.

परवा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भाजी निवडत होते. गाडी आली. नेहमीची गोष्ट झाली आणि मग गाईड म्हणाला, "आणि या खटल्यामागची खरी शक्ती म्हणजे त्यांच्या पत्नी. सगळं गाव विरोधात असताना ती माउली रोज भर उन्हात डबा घेऊन कोर्टाच्या पायरीवर बसायची."

मी एकदाही कोर्टात गेलेले नाही. त्यांचा डबा शिपाई न्यायचा, आणि खटला चालू असताना फुकटच्या केसेस घेता म्हणून मी त्यांच्याशी चांगली भांडले होते. बाहेर गाडीतल्या कोणीतरी विचारलं, "त्या आहेत का अजून?"

"आहेत ना," गाईड म्हणाला. "आतमध्ये असतील."

माझ्या हातात मेथीची अर्धी निवडलेली जुडी होती. मी केसांवरून हात फिरवला, पदर सारखा केला आणि खिडकीच्या थोडं पुढे सरकून बसले.